‘माझा नंबर लागेल का?’ : अमेरिकेतील राज्यशास्त्राच्या पीएच.डी. प्रवेशांचा आढावा

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यशास्त्र विभागांची पीएच.डी.साठी अर्ज करण्याची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत निकाल कळत जातात. ज्यांना प्रवेश देऊ केला जातो, त्यांनी साधारणपणे १५ एप्रिलपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो. पुणे, मुंबई, नागपूर किंवा पणजीतून अर्ज करू पाहणारा विद्यार्थी या सगळ्याच्या वर्षभर आधीपासून एकाच प्रश्नाने घेरलेला असतो : माझा नंबर लागेल का? एम.ए.ला प्रथम श्रेणी आहे, नेट झाली आहे, एखाद्या परिषदेत निबंध वाचला आहे. एवढ्यावर शक्यता किती धरायची? तो प्राध्यापकांना विचारतो, आधी तिकडे गेलेल्यांना विचारतो. उत्तरे दोन टोकांची मिळतात. कुणी म्हणते, तू हुशार आहेस, काळजी करू नकोस. कुणी म्हणते, तिकडे आपल्याकडच्यांना कोण विचारतो. यातल्या कोणत्याच उत्तरावर निर्णय घेता येत नाही, आणि निर्णय तर मोठा असतो. परीक्षा आणि अर्ज मिळून लाखाच्या घरात जाणारा खर्च, वर्षभराची तयारी, आणि प्रवेश मिळालाच तर आयुष्याची पाच ते सात वर्षे.

ही शक्यता मोजता येते, पण एका टक्केवारीत मोजता येत नाही. तिचा काही भाग अर्जदाराच्या हातात असतो, काही विभागाच्या त्या वर्षीच्या गरजेत आणि तिजोरीत असतो, आणि काही कुणाच्याच हातात नसतो. हे तीन भाग वेगळे केले, की कुठे मेहनत घ्यायची, कुठे अर्ज करायचा आणि नकार आला तर त्याचा अर्थ काय लावायचा, हे बरेच स्पष्ट होते. ते वेगळे न करता ‘चान्स’ शोधत बसले, की हाती फक्त धास्ती लागते.

गुणवत्ता यादीची सवय

आपल्याकडे दहावीपासून प्रवेश म्हणजे यादी. सीईटी असो, नेट असो, विद्यापीठाची पेट असो, एक आकडा मिळतो, त्या आकड्याने क्रमांक ठरतो आणि जागा संपल्या की यादी थांबते. पीएच.डी.चे आपले नियमही याच धाटणीचे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे विनियम आणले आणि जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लावायला सुरुवात केली. जेआरएफ मिळालेल्यांना मुलाखतीने प्रवेश, आणि उरलेल्या दोन गटांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के वजन, अशी ती रचना आहे. एका प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. त्यामुळे कोणत्या विभागात किती गाईडकडे जागा रिकामी आहे हे विचारले, आपले गुण पाहिले, की अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. या पद्धतीत दोष आहेत, पण तिचा हिशेब उघड आहे.

अमेरिकेत अशी यादी नसते. विभागातल्या मोजक्या प्राध्यापकांची प्रवेश समिती असते आणि तिच्यातली माणसे वर्षागणिक बदलत राहतात. अर्जात विद्यापीठांच्या गुणपत्रिका, जीआरई ही परीक्षा मागितली असेल तर तिचे गुण, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, तीन शिफारसपत्रे, स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणजे उद्देशाचे निवेदन, आणि पंधरा-वीस ते तीस-पस्तीस पानांचा स्वतःच्या लेखनाचा नमुना असतो. या सगळ्यावरून समिती एकच गोष्ट ताडू पाहते : हा माणूस पाच-सहा वर्षांनी आमच्या विषयात नवे काही सांगू शकेल का? आपल्याकडची परीक्षा झालेला अभ्यास तपासते. तिथली समिती न झालेल्या संशोधनाचा अंदाज बांधते. गुणवत्ता यादीत मुरलेल्या विद्यार्थ्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. त्याला वाटते, जीआरईचे चार गुण वाढले की शक्यता तेवढी वाढेल. पण एका मर्यादेपलीकडे ते चार गुण कुणी पाहतही नाही.

टक्केवारी काय सांगते आणि काय लपवते

तरीही आकड्यांपासूनच सुरुवात करावी, कारण पायाभूत प्रमाण माहीत नसेल तर आशा आणि भीती दोन्ही भरकटतात. समजा एखाद्या नामांकित विभागाकडे ४०० अर्ज आले. विभागाला १५ विद्यार्थी हवे आहेत. ज्यांना बोलावतो त्यातले निम्मे दुसरीकडे जाणार हे समितीला अनुभवाने ठाऊक असते, म्हणून ती ३० जणांना प्रवेश देऊ करते. म्हणजे प्रमाण साडेसात टक्के. आघाडीच्या विभागांमध्ये दहा टक्क्यांच्या आतले प्रमाण ही नेहमीची गोष्ट आहे. अनेक विभाग अर्ज, प्रवेश आणि रुजू झालेले विद्यार्थी यांचे आकडे स्वतःच जाहीर करतात. अर्ज करण्याआधी ते पाहावेतच.

पण एकत्रित प्रमाण फसवे असू शकते, आणि याचा सगळ्यात गाजलेला दाखला पदव्युत्तर प्रवेशांतूनच आलेला आहे. १९७३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी ८,४४२ पुरुषांनी आणि ४,३२१ स्त्रियांनी अर्ज केले होते. पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. भेदभाव उघड दिसत होता. बिकेल, हॅमेल आणि ओकॉनेल यांनी विभागवार आकडे तपासले, तेव्हा चित्र पालटले. बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध कल आढळला नाही. स्त्रियांचे अर्ज मात्र ज्या विभागांत प्रवेशच दुर्मीळ होता तिथे जास्त एकवटले होते. १९७५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला हा अभ्यास आज संख्याशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. अर्जदाराने त्यातून एवढे घ्यावे, की आपल्याला लागू पडणारे प्रमाण शोधायचे तर आपण नेमक्या कोणत्या रांगेत उभे आहोत ते आधी पाहावे लागते.

राज्यशास्त्रात या रांगा उपशाखांच्या आहेत : अमेरिकी राजकारण, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धान्त, संशोधनपद्धती. भारतातून जाणारे बहुतेक जण तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध किंवा सिद्धान्त निवडतात. सिद्धान्तात एखाद्या वर्षी एक-दोनच जागा असतात. तुलनात्मक राजकारणात जागा थोड्या जास्त असल्या, तरी तिथे लॅटिन अमेरिका, आफ्रिका, चीन, पश्चिम आशिया यांचे अभ्यासकही असतात. गेल्या वर्षी दक्षिण आशियावरचे दोन विद्यार्थी घेतले असतील, तर यंदा समिती तिकडे हात आखडता घेऊ शकते. साडेसात टक्के हा आकडा विभागाच्या संकेतस्थळावर तसाच राहतो, आणि विशिष्ट अर्जदाराची शक्यता मात्र एक टक्का किंवा तीस टक्के असू शकते.

दुसरी चूक बेरजेची. एका ठिकाणी दहा टक्के शक्यता, म्हणून दहा ठिकाणी अर्ज केले की काम झालेच, असे अनेकांना वाटते. दहा अर्ज एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असते, तर कुठेतरी एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के आली असती. प्रत्येक ठिकाणची शक्यता पाच टक्के धरली, तर ती ४० टक्क्यांवर येते. पण अर्ज स्वतंत्र नसतातच. दहाही ठिकाणी तीच तीन शिफारसपत्रे, तोच लेखननमुना, तेच निवेदन जाते. त्यात मूलभूत उणीव असेल तर ती दहाही समित्यांना दिसते. म्हणून अर्जांची संख्या वाढवण्याआधी अर्ज सुधारावा, आणि संख्या ठरवताना केवळ नामांकनाच्या यादीतले पहिले दहा विभाग न घेता, आपल्या विषयाचे अभ्यासक जिथे आहेत असे वेगवेगळ्या पातळीवरचे विभाग घ्यावेत.

समितीच्या खोलीत

बंद दाराआड काय होते, यावर अभ्यास झाले आहेत. ज्युली पॉसेल्ट यांचे ‘इन्साइड ग्रॅज्युएट ॲडमिशन्स’ हे पुस्तक २०१६ मध्ये हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. तीन विद्यापीठांतल्या दहा नामांकित विभागांच्या प्रवेशप्रक्रियेचा त्यांनी अभ्यास केला, आणि त्या विभागांत राज्यशास्त्रही होते. त्यातून दिसते ते असे : पहिल्या फेरीत, अर्जांचा ढीग कमी करायचा असतो तेव्हा, गुण आणि परीक्षांचे आकडे जड ठरतात. ढीग लहान झाला की निकष बदलतात. मग चर्चा होते ती प्रश्नाच्या नवेपणाची, लेखनाची, शिफारसपत्रांची, विभागाशी जुळण्याची आणि पूर्ण वर्गात कोणकोण असावे याची. परदेशी अर्जदारांच्या बाबतीत समित्या अडखळतात, कारण तिथल्या गुणांचा अर्थ त्यांना नीट लागत नाही. अशा वेळी ओळखीच्या संस्थेचे किंवा ओळखीच्या प्राध्यापकाचे नाव आधाराला येते.

समितीचा अंदाज बरोबर तरी येतो का? मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉज यांनी १९७१ मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या आपल्याच विभागाचे प्रवेश तपासले. जीआरई, पदवीचे गुण आणि पदवीच्या संस्थेचा दर्जा यांचे साधे गणिती सूत्र विद्यार्थ्यांच्या पुढच्या कामगिरीचा अंदाज समितीच्या मतापेक्षा चांगला वर्तवते, असे त्यांना आढळले. राज्यशास्त्रात गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये, आपण संशोधनात जी शिस्त पाळतो तीच विभागाच्या प्रवेशांना का लावू नये, असा प्रश्न घेऊन या प्रक्रियेचा पद्धतशीर विचार मांडला. यात आणखी एक अडचण आहे. ज्यांना नाकारले ते पुढे काय करू शकले असते, हे त्या विभागाला कधीच दिसत नाही. निवडले गेलेले सगळेच चांगल्या गुणांचे असल्याने त्यांच्यातल्या फरकाशी गुणांचा संबंध क्षीण दिसतो, आणि त्यावरून गुण निरुपयोगी आहेत असा चुकीचा निष्कर्ष काढता येतो.

अर्जदाराच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच : गुण दार उघडतात, आत नेत नाहीत, आणि शेवटच्या फेरीतल्या निवडीत योगायोगाचा वाटा मोठा असतो. शेवटच्या साठ अर्जांतून तीस निवडणारी समिती वेगळी असती, तर त्यातली काही नावे नक्की बदलली असती. म्हणून नकाराला स्वतःच्या कुवतीवरचा निकाल समजू नये.

अर्जातले काय किती जड?

गुण आणि जीआरई यांबद्दल थोडक्यात पुरे. करोनाच्या काळात अनेक विभागांनी जीआरईची अट काढली. काहींनी ती परत आणली, काहींनी ती ऐच्छिक ठेवली. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा दोन तासांच्या आत संपते आणि तिचे गुण पाच वर्षे चालतात. परदेशातल्या, फारशा परिचित नसलेल्या विद्यापीठातून येणाऱ्याने, परीक्षा ऐच्छिक असली तरी चांगले गुण मिळण्याजोगे असतील तर ती द्यावी, असे मला ठामपणे वाटते. आपल्या विद्यापीठातले ६५ टक्के किती चांगले, हे समितीला उमगत नाही. त्या परीक्षेचे गुण मात्र तिला वाचता येतात. त्यातही गणिताचा भाग महत्त्वाचा. आपल्याकडे कला शाखेतल्या बहुसंख्य मुलांचा गणिताशी संबंध दहावीनंतर तुटतो. अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांत पहिल्याच वर्षी संभाव्यता, प्रतिगमन, कधी गेम थिअरीही शिकावी लागते, आणि अभ्यासक्रम सुरू होण्याआधी ऑगस्टमध्ये ‘मॅथ कॅम्प’ भरतो. संख्याशास्त्राचा एखादा गंभीर अभ्यासक्रम पूर्ण केला असेल, ‘आर’ किंवा ‘स्टाटा’सारखे संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर वापरता येत असेल, तर अर्जाला वजन येते.

सगळ्याच विभागांचा ओढा आकडेवारीकडे असतो असे मात्र नाही. २००० साली ‘मिस्टर पेरेस्त्रोइका’ या टोपणनावाने एक ईमेल अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांमध्ये फिरली. तिने विषयावरच्या गणिती वर्चस्वाविरुद्ध मोठे बंड उभे केले, आणि त्या वादाच्या खुणा आजही विभागाविभागांतल्या फरकात दिसतात. कुठे प्रयोग आणि आकडे, कुठे गावात राहून केलेले क्षेत्रकाम, कुठे दोन्ही. विभागातल्या अलीकडच्या प्रबंधांचे विषय वाचले की हे तासाभरात कळते.

खरी मेहनत घ्यायची ती पुढच्या तीन गोष्टींवर. पहिली, शिफारसपत्रे. आपल्याकडच्या शिफारसपत्रांची भाषा ठरलेली : विद्यार्थी मेहनती आहे, नम्र आहे, वक्तशीर आहे, त्याला उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हेही सर्रास चालते. अशा पत्राने अर्जाचे नुकसान होते. समितीला हवी असते तुलना आणि तपशील : गेल्या दहा वर्षांत शिकवलेल्यांत ही मुलगी कुठे बसते, तिने कोणता प्रश्न विचारला, तिचा युक्तिवाद कुठे अडला आणि तिने तो कसा सोडवला. असे पत्र तोच प्राध्यापक लिहू शकतो ज्याने तिचे काम जवळून पाहिले आहे. म्हणून पत्राची तयारी अर्जाच्या आधी दोन वर्षे सुरू होते. एखाद्या प्रकल्पावर काम करणे, लोकनीतीसारख्या कार्यक्रमाच्या निवडणूक सर्वेक्षणात क्षेत्रकाम करणे, प्रबंधिका मन लावून लिहिणे, हे सगळे त्यातच येते. पत्र मागताना प्राध्यापकांना आपला लेख, निवेदन आणि विभागांची यादी महिनाभर आधी द्यावी.

दुसरी, लेखननमुना. आपल्या अभ्यासक्रमात वीस पानांचा युक्तिवाद स्वतः उभा करण्याची संधी फार थोड्यांना मिळते. सारांश लिहिण्यात आपण तरबेज होतो. प्रश्न मांडून, पर्यायी उत्तरे तपासून, पुराव्याने एक उत्तर सिद्ध करणे राहून जाते. नमुन्यात नेमके तेच दिसावे लागते.

तिसरी, निवेदन. इथे लहानपणापासून राजकारणाची आवड कशी होती, देशसेवा करायची आहे, हे सांगण्यात पाने जातात. समितीला हवा असतो एक प्रश्न. चांगला प्रश्न कसा असतो, याचे उदाहरण मुंबईतलेच आहे. मुंबई महापालिकेत स्त्रियांसाठीचे प्रभाग सोडतीने राखीव होतात आणि पुढच्या निवडणुकीत फिरतात. ही गोष्ट मुंबईत सगळ्यांना माहीत होती. स्टॅनफर्डमध्ये पीएच.डी. करत असताना रिखिल भवनानी यांनी तिच्याकडे निसर्गतः घडलेला प्रयोग म्हणून पाहिले आणि विचारले : आरक्षण उठल्यावर त्या प्रभागात स्त्रियांचे काय होते? १९९७ मध्ये राखीव असलेले आणि २००२ मध्ये खुले झालेले प्रभाग त्यांनी इतर खुल्या प्रभागांशी ताडून पाहिले. आधी राखीव असलेल्या प्रभागात स्त्री निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट आढळली. हा अभ्यास २००९ मध्ये ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या आजूबाजूला असे कितीतरी प्रश्न पडलेले आहेत : सहकारी साखर कारखान्यांच्या निवडणुका, जिल्हा परिषदांतली घराणी, पाणीवाटपाचे राजकारण, गोव्यातली पक्षांतरे. मराठीतून कागदपत्रे वाचता येणे, ग्रामसभेतले बोलणे कळणे, ही तुलनात्मक राजकारणात मोठी पुंजी आहे. मराठी माध्यमातून शिकलेले विद्यार्थी ती उणीव समजून लपवतात. ती निवेदनात ठळकपणे यायला हवी.

‘फिट’ हा शब्द समित्यांच्या तोंडी सतत असतो. त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या प्रश्नावर मार्गदर्शन करू शकतील असे दोन-तीन प्राध्यापक तिथे आहेत का, आणि ते पुढची पाच वर्षे तिथे असतील का. एकाच प्राध्यापकाच्या भरवशावर केलेला अर्ज, ते निवृत्त होत असतील किंवा दुसरीकडे जात असतील, तर वाया जातो. अमेरिकेत आधी प्राध्यापकाची संमती मिळवावी लागत नाही. ब्रिटन आणि युरोपात चित्र वेगळे आहे. तिथे सुरुवातीलाच संशोधन आराखडा द्यावा लागतो, मार्गदर्शक आधी पाहावा लागतो, अभ्यास तीन-चार वर्षांत संपतो आणि पैशाची व्यवस्था पुष्कळदा प्रवेशापेक्षा वेगळी लावावी लागते. ज्याचा प्रश्न पक्का ठरला आहे आणि ज्याने एम.ए.तच पद्धतीचे शिक्षण घेतले आहे, त्याला ही वाट जास्त जवळची ठरू शकते.

पैशाशिवाय प्रवेश नाही

मराठी मनात कोलंबिया विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी जोडलेले आहे. १९१३ मध्ये ते तिथल्या राज्यशास्त्र विद्याशाखेत दाखल झाले. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र हे विषय तेव्हा याच विद्याशाखेत होते. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. केले आणि १९२७ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. हे शक्य झाले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीमुळे, दरमहा साडेअकरा पौंडांच्या, तीन वर्षांसाठीच्या. आज ती जबाबदारी बहुतांशी विभागच उचलतो. चांगल्या विभागात प्रवेशाबरोबर पाच वर्षांची शुल्कमाफी, स्टायपेंड आणि आरोग्यविमा मिळतो. त्या बदल्यात काही सत्रे वर्गात साहाय्यक म्हणून शिकवावे लागते. पैशाविना आलेला पीएच.डी.चा प्रवेश नाकारावा. कर्ज काढून राज्यशास्त्राची पीएच.डी. करणे कुणालाही परवडणारे नाही.

विभागच खर्च उचलत असल्यामुळे जागा विद्यापीठाच्या तिजोरीवर ठरतात, आणि गेल्या काही वर्षांत तिजोऱ्या आक्रसल्या आहेत. बोस्टन विद्यापीठात संशोधक विद्यार्थ्यांचा दीर्घ संप झाला, स्टायपेंड वाढवणारा करार झाला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विद्यापीठाने मानव्यविद्या व समाजविज्ञानांतल्या अनेक पीएच.डी. कार्यक्रमांचे पुढच्या वर्षाचे प्रवेश थांबवले. त्यात राज्यशास्त्रही होते. २०२५ मध्ये संघराज्य सरकारच्या निधीकपातीनंतर हार्वर्डने समाजविज्ञानांतल्या पीएच.डी. जागा दोन वर्षांसाठी निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी करण्याचे ठरवल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा काही आठवडे बंद होत्या. पाच वर्षांपूर्वी गेलेल्याची शक्यता आणि आजच्या अर्जदाराची शक्यता एकाच मापाने मोजणे म्हणूनच चूक आहे. विभागाला सरळ ईमेल करून विचारावे : यंदा किती जागा भरणार आहात, आणि निधीची हमी किती वर्षांची?

सरकारी आधाराची स्थितीही नीट पाहावी. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना बाहेर शिकायला मदत करते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत मात्र भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताशी संबंधित समाजशास्त्रीय विषयांवरचे संशोधन वगळले गेले. ज्या समाजांतल्या मुलांकडे जात आणि सत्ता यांवर जगाला सांगण्यासारखे सर्वाधिक काही आहे, त्यांच्याच विषयावर घातलेली ही मर्यादा अन्यायकारक आहे, आणि ती उठायला हवी.

प्रवेशानंतरची शक्यता

प्रवेशाची शक्यता मोजताना नोकरीची शक्यता सोबत मोजली नाही, तर हिशेब अर्धाच राहतो. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिकेतल्या विद्यापीठांमधल्या प्राध्यापकांच्या पदव्या तपासल्या गेल्या. अमेरिकेत पीएच.डी. झालेल्या प्राध्यापकांपैकी ८० टक्के केवळ एक पंचमांश विद्यापीठांतून आलेले होते. बर्कली, हार्वर्ड, मिशिगन, विस्कॉन्सिन-मॅडिसन आणि स्टॅनफर्ड या पाचच संस्थांनी आठांतला एक प्राध्यापक घडवला होता. म्हणजे कुठेही प्रवेश मिळाला तरी चालेल, ही भूमिका तिथे प्राध्यापक होऊ पाहणाऱ्याला जड जाऊ शकते. ज्याला परत येऊन शिकवायचे आहे, धोरणसंस्थेत काम करायचे आहे किंवा पत्रकारितेत जायचे आहे, त्याचा हिशेब वेगळा. विभागाकडे गेल्या पाच वर्षांत पदवी मिळवलेल्यांची आणि ते आज कुठे आहेत याची यादी मागावी. यशस्वी माजी विद्यार्थ्यांची भाषणे ऐकून मत बनवू नये; मधेच सोडून गेलेले भाषणाला येत नाहीत.

मग मोजायचे कसे?

काम क्रमाने करावे. आधी प्रश्न एका परिच्छेदात लिहावा. मग त्या प्रश्नावर काम करणारे किमान दोन प्राध्यापक जिथे आहेत असे बारा-पंधरा विभाग शोधावेत. प्रत्येकाचे जागांचे, निधीचे आणि नोकऱ्यांचे आकडे मांडावेत. मग आपली सामग्री पारखावी : गुण आणि परीक्षा पहिल्या चाळणीतून पार पडण्याजोग्या आहेत का, तपशिलाने लिहू शकणारे तीन प्राध्यापक आहेत का, लेखननमुना एखाद्या अनोळखी जाणकाराने वाचून ‘पुढे वाचावेसे वाटते’ म्हटले आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असेल, तर एक वर्ष थांबून गणित आणि परीक्षा. दुसऱ्याचे नाही असेल, तर एक-दोन वर्षे संशोधन साहाय्यक म्हणून काम. तिसऱ्याचे नाही असेल, तर लेख पुन्हा लिहिणे. तिन्हींचे उत्तर होय असेल, तर अर्ज करावा आणि उरलेला भाग आपल्या हातात नाही हे मान्य करावे. अर्जाचे शुल्क साधारण ७५ ते १२५ डॉलरच्या दरम्यान असते. ते माफ करण्याची सोय अनेक विद्यापीठांत आहे आणि ती मागण्यात कमीपणा नाही. प्रतीक्षायादीत नाव आले, तर १५ एप्रिलपर्यंत जागा रिकाम्या होत राहतात. आपली इच्छा कायम असल्याचे थोडक्यात कळवावे. सगळीकडून नकार आला, तर दुसऱ्या वर्षी सुधारलेल्या सामग्रीने अर्ज करणे हा नेहमीचा मार्ग आहे.

या यादीतल्या तीन प्रश्नांची उत्तरे एकट्या विद्यार्थ्याच्या मेहनतीवर ठरत नाहीत. दिल्ली-मुंबईच्या मोजक्या संस्थांत शिकलेल्याला पत्र कसे असावे, नमुना कसा असावा हे आपसूक कळते. तालुक्याच्या महाविद्यालयात, विद्यापीठाच्या गर्दीच्या विभागात शिकलेल्याला ते मुदत संपल्यावर कळते. ही तफावत बुद्धीची नाही, माहितीची आणि सरावाची आहे, म्हणूनच ती मिटवता येण्याजोगी आहे. एम.ए.च्या अभ्यासक्रमात प्रत्येकाला एक वीस पानी संशोधन निबंध लिहायला लावून, त्यावर दोनदा टिपणे देऊन तो सुधारून घ्यायला काही कोटी लागत नाहीत. कला शाखेत संख्याशास्त्राचा एक पेपर ठेवता येतो. शिफारसपत्र हे शिक्षकाच्या कामाचा भाग आहे, उपकार नाही, हे विभागांना ठरवता येते. बाहेर शिकणाऱ्या मराठी संशोधकांनी वर्षाला दोन अर्जदारांचे मसुदे वाचले, तरी पुष्कळ फरक पडेल. अमेरिकेतली समिती कुणाला निवडेल हे आपल्या हातात नाही. तिच्यापुढे जाणारा अर्ज त्या विद्यार्थ्याची खरी कुवत दाखवील, एवढे करणे मात्र आपल्या महाविद्यालयांच्या हातात आहे, आणि त्याची सुरुवात येत्या सत्रापासून करता येते.